ओळ कुठेतरी अडते आहे? वृत्त, यमक आणि घाट तपासायचा क्रम

मी मुद्रितशोधक आहे. भाद्रपद लागला की दिवाळी अंकांच्या कवितांचे गठ्ठे माझ्या टेबलावर येतात आणि त्यांच्यासोबत दरवर्षी तीच तक्रार येते: "ताई, कविता वृत्तात आहे, फक्त एक ओळ कुठेतरी अडते." ती एक ओळ मी इतक्या वेळा दुरुस्त केली आहे, की आता हात आपोआप ठरलेल्या क्रमाने फिरतो. तो क्रम इथे मांडते. स्वतःची कविता तपासणाऱ्याला तो चालेल, आणि अभ्यासाला दिलेल्या कवितेचे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, पाडताना शेवटी एक अक्षर उरून बसलेल्या विद्यार्थ्यालाही.

लक्षणं

- तुम्ही म्हणता तेव्हा ओळ सुरळीत जाते, दुसऱ्याने वाचली की ठेचकाळते.
- अक्षरं मोजली, बरोबर. तरी कानाला लंगडी.
- याच्या उलट: कानाला झकास, पण मोजली की एक मात्रा, म्हणजे उच्चाराचं एक माप, जास्त भरते.
- एखादा शब्द ओढून किंवा गिळून म्हटल्याशिवाय ओळ बसत नाही.
- यमक कागदावर जुळतं, ऐकताना जुळत नाही.
- गझलेचे पहिले दोन शेर ठीक, तिसऱ्यापासून यमक घसरतं.

तिसरं लक्षण असेल तर धीर धरा. तिथे बहुतेक वेळा ओळ बरोबर असते, मोजणी चुकलेली असते. चांगली ओळ मोजणीच्या चुकीपायी बिघडवून आणलेली मी दरवर्षी बघते.

उदाहरणासाठी एकच कडवं घेऊ. आमच्या गल्लीतले एक काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. लहानपणी मनाचे श्लोक पाठ केलेले, त्यामुळे त्या श्लोकांचं वृत्त, भुजंगप्रयात, अंगात मुरलेलं. त्यांचं कडवं त्यांच्या परवानगीने देते:

पुण्याच्या दिशेने निघालो पहाटे
धुक्याने गिळावे किती गाव-फाटे
तुझ्या अंगणी मोगरा फुलला गं
तुझा हात हातातला राहिला गं

तिसरी ओळ अडते हे त्यांनाही कळत होतं. कुठे अडते ते कळत नव्हतं.

१. चाल काढून टाका आणि दुसऱ्याला वाचायला द्या

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. तरी निम्मे लोक हे करत नाहीत.

चाल ही मोठी लबाड. "तुझ्या अंगणी मोगरा फुललाऽ गं" असं ओढून गायलं की कमी पडलेली मात्रा सुरात भरून निघते. कवीच्या डोक्यात चाल कायम वाजत असते, म्हणून त्याला खड्डा दिसत नाही. ज्याने कविता आधी ऐकलेली नाही अशा कुणाला तरी ती वर्तमानपत्रातल्या बातमीसारखी सपाट वाचायला सांगा आणि हातात पेन्सिल घेऊन बसा. वाचणारा जिथे थांबेल किंवा मागे येऊन पुन्हा वाचेल, तिथे बारीक टिंब द्या. दोन माणसं एकाच शब्दाशी अडली तर दोष त्या शब्दात किंवा त्याच्या अगदी शेजारी आहे. दोघं दोन वेगळ्या ठिकाणी अडली तर दोष बहुधा यतीचा, म्हणजे ओळीतल्या विसाव्याचा. त्याकडे पुढे येऊ.

काकांच्या ओळीत सगळे "फुलला"पाशी अडले.

२. टंकलेखन बघा

हे पूर्वी तपासावं लागत नसे. आता लागतं, कारण कविता मोबाइलवर लिहिल्या जातात आणि जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना अक्षरं बदलतात.

सर्वांत मोठा गुन्हेगार "ऱ्या" आणि "र्या". "दऱ्यांच्या तळाशी दिवा एक जागा" अशी एक ओळ माझ्याकडे "दर्यांच्या तळाशी" होऊन आली होती. दरीतला दिवा थेट समुद्रात गेला! अर्थाचं सोडा, वृत्तही मोडलं. "दऱ्या"मध्ये द वर जोर येत नाही, तो लघू, म्हणजे एका मात्रेचा, राहतो. "दर्या"मध्ये र् मागच्या अक्षरावर आपटतो आणि द गुरू, म्हणजे दोन मात्रांचा, होतो. तीच गत दुसऱ्या आणि दुसर्या यांची. कवी निर्दोष असतो आणि बिचारा तासभर मात्रा मोजत बसतो.

दुसरं म्हणजे अनुस्वार. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 साली आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील पुस्तकातून कविता उतरवून घेतली असेल तर नांव, कांहीं, हंसून असे शब्द भेटतात. "हंसून"मधला अनुस्वार फक्त डोळ्यांसाठी आहे. ह लघूच मोजायचा. "हंस" पक्षी असेल तर मात्र अनुस्वार नाकातून वाजतो आणि ह गुरू होतो.

३. कवितेचं कूळ ओळखा

चुकीच्या फूटपट्टीने मोजलं तर चांगली ओळही वाकडी दिसते. मराठीत चार कुळं पुरतात.

अक्षरछंदात, म्हणजे ओवी-अभंगात, मोजायची तर फक्त अक्षरं. लघू-गुरू बघायचेच नाहीत. गणवृत्तात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते: कितव्या स्थानी लघू, कितव्या स्थानी गुरू. मात्रावृत्तात, म्हणजे जातीत, मात्रांची बेरीज आणि तिचे तुकडे सांभाळायचे, अक्षरं कमीजास्त झाली तरी चालतात. मुक्तछंदात यातलं काहीच नाही. तुमची कविता मुक्तछंदात असेल तर पेन्सिल खाली ठेवा, तिला हा आजार होतच नाही.

एका महाविद्यालयीन मुलीने मला विचारलं होतं, "तुकारामांच्या अभंगात मात्रा का जुळत नाहीत?" तिने ओळ घेतली होती "सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया". मात्रा तिने अचूक मोजल्या होत्या: 9, 9, 8, 7. आता अक्षरं मोजा: 6, 6, 6, 4. मोठ्या अभंगाचा हाच साचा. यमक शोधतानाही ती ओळीच्या टोकाला बघत होती आणि तिथे "ठेवोनिया" एकटंच उभं होतं. मोठ्या अभंगात यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात असतं: विटेवरी, कटावरी. चौथा चरण मोकळा. धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि त्यांची टोकं जुळतात. ओवीत पहिल्या तीन चरणांचं यमक आणि चौथा आखूड. अक्षरांच्या संख्येचा हट्ट ओवी धरत नाही, म्हणून तिथे मोजणी घेऊन मागे लागू नका.

४. अक्षरं मोजा

गणवृत्ताची शंका असेल तर लघू-गुरूच्या आधी नुसती अक्षरं मोजा. जोडाक्षर एकच धरायचं. एका मिनिटात बरंच काही कळतं. 11 आली तर इंद्रवज्रा-उपेंद्रवज्राकडे बघा, 12 ला भुजंगप्रयात, 14 ला वसंततिलका, 15 ला मालिनी, 19 ला शार्दूलविक्रीडित, 21 ला स्रग्धरा. या संख्यांना आणखीही वृत्तं आहेत, पण नेहमी भेटणारी ही.

17 वर गर्दी आहे, तिथे ओळीची सुरुवात बघायची. चार गुरू आणि मग लघू: मंदाक्रांता. एक लघू आणि पाठोपाठ पाच गुरू: शिखरिणी. लघू-गुरू-लघू अशी उडी: पृथ्वी. पाच लघू एका दमात: हरिणी. पाठ नसलं तरी चालेल, कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. माझ्या टेबलासमोर अजून तसा कागद आहे, चहाच्या डागासकट.

चारपैकी एकाच ओळीत अक्षर कमी-जास्त असेल तर तीच ओळ आजारी. सगळ्या ओळींत वेगवेगळी संख्या येत असेल तर तुम्ही बहुधा मात्रावृत्ताला गणवृत्त समजता आहात. मागच्या पायरीवर जा.

काकांच्या चारही ओळी 12. म्हणजे अक्षरं बरोबर, तरी ओळ अडते.

५. ल-गा लावा, पण तोंडाने

आता लघूला "ल" आणि गुरूला "गा" लिहा. अ, इ, उ, ऋ लघू, एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ गुरू, दोन मात्रा. वाजणारा अनुस्वार किंवा विसर्ग असला की गुरू. "सत्"सारखा पाय मोडका असला की मागचं अक्षर गुरू. इथपर्यंत सगळ्यांना येतं. गाडी अडते ती जोडाक्षरांशी.

शाळेत शिकवतात: जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. हा नियम अर्धाच आहे. पुढचा अर्धा असा: त्या अक्षरावर आघात येत असेल तरच. "पुस्तक" म्हणा, पु वर जोर येतो, पुस्-तक. आता "तुझ्या" म्हणा. तुझ्-या असं कुणी म्हणत नाही. तु-झ्या. म्हणून तु लघू. तिच्या, उन्हात, तुम्ही, कुऱ्हाड, दुसऱ्या, या सगळ्यांत जोडाक्षराआधीचं अक्षर लघूच राहतं. न्ह, म्ह, ऱ्ह, ऱ्य आणि मराठी शब्दाच्या सामान्यरूपात येणारा य, इथे शंका घ्यायची.

काकांची पहिलीच ओळ बघा: "पुण्याच्या दिशेने निघालो पहाटे". पुणे शहर असेल तर पु-ण्याच्या, पु लघू, आणि ओळ लगागा लगागा लगागा लगागा अशी चोख बसते. पुण्य, म्हणजे पापाच्या विरुद्धचं, असेल तर पुण्-याच्या, पु गुरू, आणि ओळ पहिल्याच अक्षराला मोडते. लिपी तीच, अक्षरं तीच. हे कागदाला कळत नाही, जिभेला कळतं. दिवा आणि दिव्य यांचं तसंच. "दिव्यांनी घरे सर्व तेजाळली ही" यात दिवे आहेत, म्हणून दि लघू. मी वापरून पाहिलेल्या मात्रा मोजणाऱ्या यांत्रिक सोयी नेमक्या इथे फसल्या. त्यांनी "तुझ्या"ला चार मात्रा दिल्या आणि चांगल्या ओळीला लाल रेघ मारली. वर तिसरं लक्षण सांगितलं त्याचं मूळ बहुतेक वेळा हेच निघतं.

ओळीच्या अगदी शेवटचं लघू अक्षर गरजेनुसार गुरू धरता येतं, ही जुनी सूट आहे. "निघाली पहाट" असं टोक भुजंगप्रयातात शास्त्राने चालेल. मला मात्र ते आवडत नाही. मराठी माणूस बोलताना शेवटचा ट अर्धा गिळतो, त्याला गुरूचं वजन कुठून येणार?

आता तिसरी ओळ:

तु झ्या अं | ग णी मो | ग रा फु | ल ला गं
ल गा गा | ल गा गा | ल गा ल | ल गा गा

नववं अक्षर गुरू हवं, तिथे फु लघू आहे. ओळीच्या मात्रा 20 हव्या, भरतात 19. बारा अक्षरांपैकी एक अक्षर चुकीचं, म्हणून नुसती अक्षरं मोजून ते सापडलं नाही.

६. खोटी दुरुस्ती काढून टाका

इथपर्यंत आलेला माणूस पुढे काय करतो ते मला पाठ आहे. काकांनीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी कागद आला: "मोगरा फूलला गं". फु चा फू केला. कागदावर वृत्त पूर्ण.

मी म्हटलं, "काका, वाचा."

त्यांच्याकडे तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा अजून आहे. तो टेबलावर आपटत त्यांनी सुरुवात केली, टिक-टाक-टाक, टिक-टाक-टाक, लगागाचा हिशोब त्यांचा हाच. "तुझ्या अं-गणी मो-गरा फुल्-" आणि चिमटा हवेत थांबला. पुढच्या "टिक"ला अक्षरच नव्हतं, जीभ थेट "ला"वर पोचली होती.

"फुल्ला म्हणतो की आपण," ते स्वतःशीच म्हणाले.

फुलणे, फुलला, फुलतो: उ ऱ्हस्व. लिहिताना दीर्घ केला तरी मराठी जीभ "फुल्ला"च म्हणते. दोन लघू अक्षरांतलं दुसरं ती अर्धं करते आणि पहिल्याला चिकटवते, दोन लघूंचा एक गुरू होतो. मात्रावृत्तात हे खपून जातं, एक अधिक एक बरोबर दोन. गणवृत्तात मात्र जागा ठरलेल्या असतात. तिथे एका अक्षराची खुर्ची रिकामी पडते आणि वाचणारा तीत पडतो. गझलेत एका गुरूच्या जागी दोन लघू घ्यायची सूट अनेक जण घेतात. घ्यायची तर उघड घ्या आणि रचनाभर घ्या. एका ओळीत अडलं म्हणून तेवढ्यापुरती घेतली तर ती पळवाट दिसते.

ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करायची मोकळीक जुन्या कवींनी घेतली आहे, "आणि"चं "आणी" झालेलं दिसतं. माझा निकष साधा आहे. मोठ्याने म्हणताना तो बदल जिभेवर सहज येत असेल तर ठेवा. "आणी" ओढून म्हणता येतं, "फूलला" नाही.

मग नववं, दहावं आणि अकरावं अक्षर मिळून गालगा असा शब्द हवा होता. आम्ही यादी केली: हासला, डोलला, वाढला, मातला. "हासला" मी खोडला, फुलं हसून हसून दमली आता. "वाढला" मंडईतल्या भावासारखा. काका "मातला"वर थांबले. म्हणाले, ती गेल्यापासून वेल छाटलाच नाही, खरंच मातलाय.

कुणी विचारेल, "मातला"तला त पण आपण अर्धाच म्हणतो, मग तो कसा चालतो? मा आधीच दोन मात्रा घेऊन बसलेली असते. त् चा हलका ठोका त्यानंतर येतो आणि लघूची जागा भरतो. "फुलला"त फु आणि ल मिळूनच दोन मात्रा होतात, तिसरी उरत नाही. मोगरा, सावली, अंगणी हे शब्द याच कारणाने भुजंगप्रयातात लोण्यासारखे बसतात.

७. यती तपासा

मात्राही बरोबर, जागाही बरोबर, तरी ओळ दोन तुकड्यांत फाटल्यासारखी वाटते? मग विसाव्याची जागा शब्दाच्या पोटात आली आहे.

आठ-आठ मात्रांच्या पादाकुलकातली ही ओळ मोजा:

किती वेळ पाहिली मी वाट

1+2, 2+1, 2+1+2, 2, 2+1. बेरीज 16. हिशोब चोख. आता आठ मात्रांवर काप द्या: "किती वेळ पा | हिली मी वाट". पाहिली दोन डब्यांत विभागली गेली. तेच शब्द, एकही न बदलता, फिरवून घ्या:

वाट पाहिली | किती वेळ मी

पुन्हा आठ आणि आठ, आणि आता श्वास शब्दांच्या मधे येतो. यतिभंगाच्या दहांतल्या सहा-सात तक्रारी माझ्याकडे नुसत्या अशा अदलाबदलीने सुटतात. नवा शब्द शोधायच्या आधी आहेत ते फिरवून बघायचे.

लांब वृत्तांत हे जास्त जाचतं. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर विसावा, मंदाक्रांतेत चार, मग सहा, मग सात. तिथे शब्द तुटला तर ऐकणाऱ्याला लगेच कळतं. भुजंगप्रयाताला पुस्तकात सहाव्या अक्षरावर यती सांगतात, पण "मना सज्जना भक्तिपंथेचि जावे" म्हणून बघा, सहावं अक्षर भक्तीचा भ आहे. रामदासांनी तिथे थांबायचं मनावर घेतलेलं नाही. तेव्हा काकांचा मोगरा "मो" वर तुटला तर मी त्यांना अडवलं नाही.

८. यमक कानावर घासून बघा

नुसता शेवटचा प्रत्यय जुळला म्हणजे यमक झालं नाही. "आला–गेला" यात ला सोडून काही सारखं नाही. "आला–झाला" यात आधीचा आ पण जुळतो, म्हणून ते टिकतं. काकांच्या कडव्यात फुलला–राहिला होतं. मातला–राहिला केलं तरी कच्चंच, कारण ला च्या आधी एकीकडे अ आणि दुसरीकडे इ. वृत्त दुरुस्त करताना यमक मोडतं किंवा उघडं पडतं, म्हणून ही तपासणी नंतर ठेवली आहे.

ज, च आणि झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपी ते लपवते. "आवाज" आणि "समाज" कागदावर जुळे भाऊ. म्हणून बघा: एक दातांशी, एक टाळूशी. गाण्यात खपेल, वाचनात खटकेल.

गझलेत दोष जवळजवळ नेहमी मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, असतो, दिसतो मात्र तिसऱ्या शेरात. मतल्यात "शहाणे" आणि "बहाणे" घेतले की तुम्ही स्वतःला "हाणे"ला बांधून घेतलंत. पुढे "तराणे" आलं की जाणकार मान हलवतो. तेच मतल्यात "शहाणे–तराणे" घेतले असते तर ह मोकळा झाला असता, फक्त आ हे स्वरचिन्ह आणि णे एवढंच पाळायचं. मग गाणे, दाणे, उखाणे सगळे चालतात. "चांदणे" तरीही चालत नाही, तिथे णे आधीचा स्वर अ आहे. अशा वेळी पाच शेर दुरुस्त करू नका, मतला बदला.

घाटाबद्दल, म्हणजे रचनेच्या साच्याबद्दल, थोडक्यात. सुनीत म्हणत असाल तर 14 ओळी भरा. गझल म्हणत असाल तर निदान पाच शेर हवेत आणि प्रत्येक शेर सुटा उभा राहिला पाहिजे. शेरांतून गोष्ट पुढे सरकत असेल तर तिला मुसलसल म्हणतात, पण शेर तरीही आपल्या पायावर उभा हवा. नावापुरती "गझल" लिहिलेली आणि आत गीत असलेली कविता मी शीर्षकाखालचं नाव खोडून पुढे पाठवते. दुरुस्तीची गरज नावाला असते.

९. शेवटचा आणि महागडा उपाय: ओळ पाडून बांधा

एवढं करूनही ओळ उभी राहत नसेल तर ठिगळं थांबवा. "ची, ना, की, हो" अशी भरताड घालून मात्रा भरलेली ओळ लांबूनच ओळखू येते. ओळीतला अर्थ गद्यात एका वाक्यात लिहा, कागद उलटा करा आणि वृत्ताची चाल टेबलावर ठोकत नव्याने सुरुवात करा. एका ओळीला एक संध्याकाळ जाते. कधी शेजारची ओळही पाडावी लागते.

काकांची चौथी ओळ अशीच गेली. तीन दिवसांनी त्यांनी नवी आणून दिली:

तुझ्या अंगणी मोगरा मातला गं
अजूनी इथे हात हातातला गं

मातला, हातातला. मी ल-गा लावून पाहिले, काही करायचं उरलं नव्हतं. स्वल्पविराम घालू का असं विचारलं तर म्हणाले, नको.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

तीन वेळा ओळ पाडून बांधली आणि तरी अडते, तर स्वतः खपू नका. तुमचा कान त्या ओळीला सरावला आहे, त्याला आता दोष ऐकू येणार नाही. गझल असेल तर वृत्तात लिहिणाऱ्या एखाद्या अनुभवी गझलकाराकडून इस्लाह, म्हणजे दुरुस्ती, करून घ्या. त्यात कमीपणा नाही, ती या प्रकारातली रीतच आहे. सुरुवात करणाऱ्याने त्याआधी सुरेश भटांची "गझलेची बाराखडी" वाचून जावं, समोरच्याचा वेळ वाचतो. वृत्ताचं नावच सापडत नसेल तर माधव जूलियनांची "छंदोरचना" चाळा. ग्रंथ जाडजूड आहे, एकट्याने झेपला नाही तर मराठी किंवा संस्कृत शिकवणाऱ्या, वृत्तं तोंडपाठ असलेल्या माणसाला गाठा. असे लोक आहेत आणि विचारलं तर त्यांना आनंद होतो.

कविता चालीत बसवायची असेल तर ओळ संगीतकाराच्या हाती द्या आणि बाजूला व्हा. तालाला कुठे लघू ओढायचा आणि कुठे गुरू आखडायचा हे त्याचं काम. वृत्तात चोख ओळ तालात अडू शकते आणि उलटही होतं.

ओळ संतांची किंवा पंतांची असेल आणि मोजणीत चूक दिसत असेल, तर हात लावू नका. आधी दुसरी छापील प्रत बघा. पाठभेद असतो, किंवा नकलून घेणाऱ्याचा हात घसरलेला असतो, किंवा त्या काळी तो शब्द वेगळा उच्चारला जात असतो. तरीही कोडं सुटत नसेल तर ते पोथ्या वाचणाऱ्यांचं काम. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ या दोन्ही ठिकाणी जुनी हस्तलिखितं आहेत. पुण्यात म्हणताना पु लघूच ठेवा.